पवित्र आठवड्यात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर तंबू: वाचकांचे प्रश्न

ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे मेक्सिकोतला सेमाना सान्ता. या आठवड्यात जवळजवळ सगळा देश समुद्राकडे निघतो. तिथे तंबू टाकून राहू इच्छिणाऱ्या, मुख्यतः अमेरिकेतल्या मराठी वाचकांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत.

चार कुटुंबं मिळून फिनिक्सहून सोनोरा राज्यातल्या पुएर्तो पेन्यास्कोच्या किनाऱ्यावर जायचं म्हणतोय. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर निघालं तर चालेल का?

गुरुवारी संध्याकाळी निघू नका. या आठवड्यातल्या गुरुवारी आणि शुक्रवारी मेक्सिकोत बँका बंद असतात. शाळांना हा आठवडा आणि ईस्टरनंतरचा आठवडा मिळून सुट्टी असते. एर्मोसियो, काबोर्का, मेहिकालीकडची कुटुंबं बुधवारी दुपारनंतर निघतात. गुरुवारी दुपारपर्यंत किनारा भरलेला असतो, शुक्रवार-शनिवारी पाय ठेवायला जागा नसते आणि रविवारी दुपारी सगळे एकदम परततात. गुरुवारी रात्री अंधारात पोचलात तर जी जागा कोणालाच नको होती तीच तुम्हाला मिळेल. ती बहुधा पाण्याच्या फार जवळची असते, आणि ती धोक्याची का ते पुढच्या उत्तरात येईलच.

दुसरी अडचण सीमेची. लुकव्हिल-सोनोयता चौकी सकाळी 6 ते रात्री 8 एवढीच उघडी असते. फिनिक्सहून तिथवर साधारण अडीच तास लागतात, सुट्टीच्या गर्दीत त्याहून जास्त. चौकी चुकली तर सान लुइस रिओ कोलोरादोमार्गे जावं लागतं, आणि तिथून पेन्यास्को आणखी सुमारे 200 किमी आहे.

सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी पोचा आणि शनिवारी सकाळी लवकर निघा. दोनच दिवस मिळत असतील तर सोमवार ते बुधवार हे त्या आठवड्यातले सर्वांत चांगले दिवस. ईस्टरनंतरच्या आठवड्यातही गर्दी असते, पण ती हॉटेलांत जास्त आणि वाळूवर कमी. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे गुड फ्रायडे 26 मार्चला. 2028 मध्ये ईस्टर 16 एप्रिलला येतो.

चार कुटुंबांनी मोकळ्या वाळूवर जागा शोधत फिरू नये. पेन्यास्कोत किनाऱ्याला लागून पैसे देऊन राहायच्या कॅम्पिंगच्या जागा आहेत. तिथे आगाऊ बुकिंग करा आणि बुकिंगचा कागद छापून जवळ ठेवा. गर्दीच्या दिवसांत मोबाईलचं नेटवर्कही कोलमडतं.

तंबू पाण्यापासून किती लांब ठोकायचा? मागे एका ओळखीच्या कुटुंबाचा तंबू मध्यरात्री भिजला. वादळ नव्हतं, लाटाही मोठ्या नव्हत्या.

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण पंचांगात सापडतं. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर जो रविवार येतो तो ईस्टर. त्यामुळे पवित्र आठवड्यात किंवा त्याच्या अगदी तोंडावर पौर्णिमा असतेच. आपल्याकडे ती कधी चैत्री पौर्णिमा म्हणजे हनुमान जयंती असते, तर कधी फाल्गुनातली होळीची. पौर्णिमा म्हणजे उधाण, म्हणजेच मोठी भरती, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. म्हणजे किनाऱ्यावर सर्वाधिक माणसं असतात त्याच आठवड्यात भरती सर्वांत वर चढते. दुपारी ओहोटीला आलेल्या माणसाला विस्तीर्ण कोरडी वाळू दिसते, तो तिच्यावर तंबू ठोकतो, आणि मध्यरात्रीनंतर पाणी आपल्या जागेवर परत येतं.

पौर्णिमा आठवड्याच्या कोणत्या वारी येते ते आधी पाहा. सर्वांत मोठी भरती पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. 2026 मध्ये पौर्णिमा 2 एप्रिलला, गुरुवारी होती. म्हणजे शुक्रवार-शनिवारी गर्दीचा आणि पाण्याचा कळस एकाच वेळी. 2027 मध्ये पौर्णिमा सोमवारी, 22 मार्चला आहे. तेव्हा मंगळवार-बुधवारच्या भरत्या सर्वांत वर जातील आणि शनिवारपर्यंत पाणी उतरायला लागलेलं असेल. 2028 मध्ये पौर्णिमा 9 एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी आहे. आठवडा संपेपर्यंत भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती सुरू झालेली असेल, म्हणून त्या वर्षी शेवटचे दिवस सौम्य जातील.

किनाऱ्यानुसार यात जमीनअस्मानाचा फरक पडतो. मुंबईत साडेचार मीटरच्या भरतीची बातमी होते. कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या वरच्या टोकाला, सान फेलिपे आणि पुएर्तो पेन्यास्कोला, उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांतला फरक सहा-सात मीटरपर्यंत जातो. आखात लांब आणि निमुळतं आहे, त्यामुळे आत शिरलेलं पाणी टोकाशी उंच चढतं. सान फेलिपेला ओहोटीत समुद्र शेकडो मीटर मागे हटतो. ला पासकडे हा फरक दीड-दोन मीटरच्या आसपास, तर कॅरिबियन बाजूला, कान्कून-तुलुमकडे, जेमतेम वीस-तीस सेंटिमीटर. तुलुमला चाललेला नियम सान फेलिपेला लावला की तंबू भिजतो.

जागा ठरवण्याची पद्धत अशी. एन्सेनादा येथील सिसेसे ही संशोधन संस्था आणि मेक्सिकोचं नौदल भरतीचे तक्ते प्रसिद्ध करतात. तुम्ही राहणार त्या प्रत्येक रात्रीच्या भरतीची वेळ आणि उंची लिहून घ्या. मेक्सिकोचे तक्ते मीटरमध्ये असतात, अमेरिकी ॲप बरेचदा फुटांमध्ये, तेव्हा एकक तपासा. वेळही तपासा: 2022 मध्ये मेक्सिकोने उन्हाळी वेळ बंद केली, पण सीमेलगतचं बाहा कॅलिफोर्निया राज्य अजून ती पाळतं आणि सोनोरा पाळत नाही. जुनं ॲप एक तास चुकू शकतं.

किनाऱ्यावर पोचल्यावर शेवाळ, काड्या, शिंपल्यांचे तुकडे यांची रेघ शोधा. आदल्या भरतीचं पाणी तिथवर आलेलं असतं. आता त्या भरतीची उंची आणि तुमच्या मुक्कामातल्या सर्वांत मोठ्या भरतीची उंची यांतला फरक काढा. समजा तो 30 सेंटिमीटर आहे. किनारा दर 30 मीटरला 1 मीटर चढत असेल तर पाणी त्या रेघेच्या 9 मीटर पुढे येईल. सपाट किनारा 50 ला 1 असा असेल तर 15 मीटर. त्यात लाटेच्या धावेसाठी निदान 10 मीटर मिळवा. आखातात एवढं पुरतं. पॅसिफिकच्या उघड्या किनाऱ्यावर, म्हणजे नायारितपासून वाहाकापर्यंत, हे पुरत नाही. वसंतात दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लांब लाटा तिथवर येतात. स्थानिक लोक त्यांना मार दे फोन्दो म्हणतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तरी दर काही मिनिटांनी एक लाट बाकीच्यांपेक्षा बरीच वर चढते. लाटांच्या अंदाजात दोन लाटांमधलं अंतर 15 सेकंदांपेक्षा जास्त दिसलं तर वाळूच्या बांधाच्या मागे आणि वरच्या अंगाला राहा. बांधाच्या लगेच मागे जी खोलगट जागा असते तिथेही नको, कारण उडालेलं पाणी तिथेच साचतं.

नारळाखाली तंबू नको. पॅसिफिकवर खाडीच्या मुखाशीही नको, त्या खाड्यांमध्ये मगरी असतात. नेहमीच्या तंबूच्या खुंट्या कोरड्या वाळूत टिकत नाहीत. मजबूत पिशवीत वाळू भरून तिला तणावा बांधा आणि ती 40-50 सेंटिमीटर खोल पुरा. आखातात मार्च-एप्रिलमध्येही उत्तरेचा वारा अचानक सुटतो आणि दुपारी रिकामा तंबू उडवून नेतो.

एका किनाऱ्यावर दोघांनी दोर लावून गाडीमागे पैसे मागितले. किनारे सार्वजनिक आहेत ना? नकार द्यायचा का?

किनारे सार्वजनिकच आहेत. भरतीच्या रेषेपासून आत 20 मीटरचा पट्टा केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. किनाऱ्यावर जाणारी वाट अडवणाऱ्या मालकांना मोठा दंड करण्याची तरतूद ऑक्टोबर 2020 मध्ये कायद्यात आली. पण त्या पट्ट्यामागची जमीन खासगी किंवा एहिदो, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची असू शकते. तिथून गाडी नेणं, तिथे ती उभी करणं, पालापा म्हणजे झावळ्यांच्या छपराचा मांडव वापरणं, संडास-न्हाणी वापरणं याचे पैसे गावकरी घेतात आणि ते रास्त आहे. त्या आठवड्यातला कचरा तेच उचलतात. पैसे द्या, पावती किंवा मनगटपट्टी मागा आणि रक्कम गाडीमागे की माणशी, एका रात्रीची की चोवीस तासांची, ते आधीच विचारा. वाद होतो तो बहुतेक याच्यावरून.

किनारा सार्वजनिक म्हणजे कुठेही मुक्काम चालतो असं मात्र नाही. ला पासजवळचं बालान्द्रा हे संरक्षित क्षेत्र आहे. तिथे ठरलेल्या वेळांत ठरावीक संख्येनेच आत सोडतात आणि रात्री राहता येत नाही. मुक्काम करायचा तर जवळचा तेकोलोते बघा. एस्पिरितू सान्तो बेटावर राहायला संरक्षित क्षेत्रांच्या खात्याची परवानगी लागते. मुलेहेच्या दक्षिणेला बाइया कोन्सेप्सिओनमध्ये सान्तिस्पाक, एल कोयोते, एल रेकेसोन अशा एकापाठोपाठ एक पुळणी आहेत. तिथे जो आधी येईल त्याची पालापा. हिवाळाभर तिथे मोटरहोमवाले निवांत असतात, पण या आठवड्यात जागा स्थानिक कुटुंबांची असते. कित्येक जण दोन-चार दिवस आधी एका माणसाला पाठवून पालापा धरतात. ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच झावळ्यांखाली जमतात, तेव्हा पाहुण्याने हक्क सांगू नये.

चार दिवसांसाठी पाणी, बर्फ आणि रोकड किती न्यावी?

पाणी माणशी रोज 6 लिटर: 4 पिण्यासाठी, 2 स्वयंपाक आणि अंगावरचं मीठ पुसण्यासाठी. दोन मोठे, दोन मुलं आणि चार दिवस म्हणजे 96 लिटर, म्हणजेच 20 लिटरचे पाच गाराफोन, म्हणजे पाण्याचे मोठे जार. गावातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या दुकानात ते भरून मिळतात, पण बुधवारपर्यंतच भरून घ्या. नंतर रांगा लागतात, गुड फ्रायडेला दुकान बंदही असू शकतं. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात वाळूने घासा आणि शेवटी गोड्या पाण्याचा एक हात द्या, म्हणजे बरंच पाणी वाचतं.

बर्फ हा या आठवड्यात सर्वांत आधी संपणारा माल. दोन पेट्या ठेवा, एक सरबतं-थंड पेयांची आणि एक अन्नाची. पेयांची पेटी दिवसातून पन्नास वेळा उघडते आणि तिच्यातला बर्फ वितळतो. अन्न त्याच पेटीत असेल तर शुक्रवारी दूध फाटतं. 50 लिटरच्या पेटीला सुरुवातीला 10-12 किलो बर्फ लागतो, शक्यतो लादीचा, कारण लादी चुऱ्यापेक्षा हळू वितळते. पुढे रोज साधारण 5 किलो. अन्नाच्या पेटीत घरून गोठवून नेलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर दोन दिवस बर्फ शोधावा लागत नाही.

रोकड लहान नोटांत न्या. एटीएम शुक्रवारपर्यंत रिकामी होतात आणि बँक सोमवारी उघडते. गाडीने बाहा द्वीपकल्पात दक्षिणेकडे जात असाल तर पेट्रोलचंही गणित आहे. एल रोसारियो सोडल्यावर गेरेरो नेग्रोच्या अलीकडेपर्यंत सुमारे 300 किमी भरवशाचा पंप नाही. मध्ये कातावीन्याला पिंपातून पेट्रोल विकतात, पण सुट्टीत तेही संपतं. एल रोसारियोला टाकी काठोकाठ भरा.

शेकोटी पेटवली तर चालते का? आणि संडासाचं काय करायचं?

शेकोटीचे नियम नगरपालिकेगणिक बदलतात, त्यामुळे जागेवर विचारा. जिथे चालते तिथे विझवताना एक चूक जवळजवळ सगळे करतात: निखाऱ्यांवर वाळू ढकलतात. वाळूखाली निखारे कित्येक तास धगधगत राहतात, वरून काहीच दिसत नाही, आणि सकाळी अनवाणी धावणारं लेकरू त्यावर पाय देतं. तळवे भाजण्याचं हे टाळता येण्याजोगं कारण आहे. समुद्राच्या दोन-तीन बादल्या ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताला गार लागल्यावर कोळसे गोळा करून न्या.

काचेच्या बाटल्या बऱ्याच किनाऱ्यांवर मना आहेत. मनाई नसली तरी नेऊ नका.

खड्डा खणून शौचाला बसणं ओसाड किनाऱ्यावर एखाद्या कुटुंबाला चालून जाईल. हजार माणसांच्या पुळणीवर नाही. खाणावळींचे संडास पैसे देऊन वापरता येतात, पण शनिवारपर्यंत त्यांचं पाणी संपतं. झाकणाची बादली, आत जाड पिशवी आणि प्रत्येक वापरानंतर मूठभर लाकडाचा भुसा किंवा मांजरासाठी मिळणारी माती: एवढ्यावर चार माणसांचं चार दिवस भागतं. त्यासाठी उभा छोटा तंबू वेगळा ठेवा आणि तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावा.

मुलांना पाण्यात सोडण्याआधी काय बघावं?

झेंडा. हिरवा असेल तर पोहायला हरकत नाही, पिवळ्याला सावध राहा, लाल असेल तर पाण्यात उतरू नका. काही ठिकाणी किनारा बंद असल्याचा काळा झेंडाही लावतात. सुट्टीत नौदल मुख्य किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमतं, पण ते दिवसा, आणि शहराजवळच्या पुळणींवर. वाहाकातल्या झिपोलितेसारख्या ठिकाणी आत ओढणारे प्रवाह जोरदार असतात. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मध्ये जो शांत, गढूळ पट्टा दिसतो तोच बाहेर ओढणारा प्रवाह, आणि लोक नेमके तिथे मुलांना उतरवतात कारण तिथे लाट नसते. त्यात सापडल्यास किनाऱ्याला समांतर पोहा.

आखाताच्या उथळ पाण्यात पाकट वाळूत दबून बसतात. पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे ते हलतात. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या वर न जाता, अर्धा ते दीड तास ठेवा. उष्णतेने वेदना उतरतात. काटा खोल असेल, किंवा तो छाती-पोटाला लागला असेल, तर काढू नका, थेट दवाखान्यात न्या.

पाणी स्वच्छ आहे का याची तपासणी कोफेप्रिस ही सरकारी संस्था सुट्टीआधी करते आणि निकाल जाहीर करते. 100 मिलिलिटरमध्ये 200 पेक्षा जास्त एन्टेरोकोकस जिवाणू आढळले की तो किनारा पोहण्यास अयोग्य ठरतो. जिथे नाला किंवा नदी समुद्राला मिळते तिथे मुलांना नेऊच नका. तातडीच्या मदतीसाठी 911.

पुण्याहून आई-बाबा आलेत, दोघंही सत्तरीचे. रात्री शांतता मिळेल अशी जागा?

गुरुवार ते शनिवार कुठल्याही प्रसिद्ध किनाऱ्यावर ती मिळणार नाही, आणि ती मागूही नये. बान्दाचं म्हणजे पितळी वाद्यांच्या ताफ्याचं संगीत, स्पीकर लावलेल्या गाड्या, तीन पिढ्यांचं एकत्र जेवण म्हणजेच ती सुट्टी. गणपतीत गिरगावात येऊन ढोल बंद करा म्हणण्यासारखं होईल. ज्येष्ठांना सोमवार ते बुधवार न्या, किंवा त्या तीन रात्री गावात खोली घ्या आणि सकाळी 7 ते 10 किनाऱ्यावर जा, तेव्हा तो जवळजवळ रिकामा असतो. तंबूतच राहायचं असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, प्रवेशाच्या वाटेपासून आणि संडासांपासून लांब जागा घ्या. खाली कॅनव्हासची घडीची खाट द्या, वाळूवरून उठताना गुडघे बोलतात.

नायारितमधलं सान ब्लास त्यांच्यासाठी नको. तिथली चिलटं पहाटे आणि तिन्हीसांजेला सोलून काढतात. नायारित, हालिस्को, कोलिमा, मिचोआकान या सगळ्या पट्ट्यात विंचू आहेत. सकाळी चपला-बूट झटकूनच घाला. विंचू चावल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तिथल्या दवाखान्यांना हे नेहमीचं आहे आणि उताऱ्याचं औषध ठेवलेलं असतं.

आम्ही पूर्ण शाकाहारी. काय खाता येईल?

उपवासकाळ असल्याने शुक्रवारी मांस नसतं, पण मासे आणि सुकी कोळंबी चालते, त्यामुळे "मांस नाही" एवढ्यावर विसंबू नका. चीज भरलेल्या मिरच्या, नोपाल म्हणजे निवडुंगाची भाजी, कापिरोतादा नावाची पावाची गोड खीर हे पदार्थ याच दिवसांत भरपूर होतात. घोटलेल्या राजम्यात आणि गव्हाच्या तोर्तियात, म्हणजे पोळीत, बरेचदा डुकराची चरबी असते, म्हणून "सिन मान्तेका" (चरबीशिवाय) असं सांगून विचारा. मक्याची तोर्तिया सहसा निर्धोक.

भारतीय पासपोर्ट आहे. मेक्सिकोचा व्हिसा लागेल का? आणि गाडीचे कागद?

अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा, किंवा तिथलं कायम वास्तव्याचं कार्ड असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्टमधला अमेरिकी व्हिसा संपलेला असेल आणि वरच्यांपैकी दुसरं काही नसेल तर ही सवलत नाही. कंपनीचे नोकरीचे कागद चालू असले तरी नाही. निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या पासपोर्टमधली तारीख उघडून पाहा, मुलांच्याही. जमिनीवरून सीमा ओलांडताना प्रवेशपत्र स्वतः थांबून मागावं लागतं, कोणी अडवून देत नाही.

अमेरिकेचा गाडीचा विमा मेक्सिकोत ग्राह्य धरत नाहीत. तिथला तृतीयपक्ष विमा निघण्याआधी ऑनलाइन काढा. बाहा द्वीपकल्पात, आणि सोनोरात पेन्यास्को किंवा सान कार्लोसपर्यंत जायला गाडीचा तात्पुरता आयात परवाना लागत नाही. त्याच्या दक्षिणेला, नायारित-हालिस्कोकडे गाडी नेणार असाल तर लागतो. रस्त्यात गाडी बंद पडली तर 078 वर आन्हेलेस वेर्देस, म्हणजे पर्यटन खात्याची हिरव्या गाड्यांची मोफत मदत मिळते. ती दिवसाउजेडी असते, म्हणून लांबचा टप्पा सकाळी सुरू करा.